केन्सिंग्टनचे सत्त्याऐंशी : वीजबिलाच्या भांडणाचा फौजदारी खटला कसा होतो

६ एप्रिल २००२, शनिवार. दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्ग शहराच्या पूर्वेला केन्सिंग्टन नावाचं नेटकं उपनगर आहे. तिथे महापौर आमोस मसोंडो यांच्या घरासमोर याच शहराच्या सोवेटो या काळ्या लोकांच्या अवाढव्य वस्तीतून आलेली माणसं बसमधून उतरली. त्यांत पेन्शनवर जगणाऱ्या आज्या होत्या, अठरा न भरलेली पोरं होती, बेकार तरुण होते. सगळे ‘सोवेटो इलेक्ट्रिसिटी क्रायसिस कमिटी’चे, म्हणजे सोवेटो वीज संकट समितीचे. महापौरांच्या घराचं वीज-पाणी तोडायचं आणि तोडणी म्हणजे काय असतं ते त्यांनाही एकदा कळू द्यायचं, असा बेत होता. महापौर घरी नव्हते. घोषणा झाल्या, बाचाबाची झाली, दगड आणि कचरा आवारात पडला. महापौरांच्या अंगरक्षकाने पिस्तूल काढून खऱ्या गोळ्या झाडल्या. दोन निदर्शक जखमी झाले. मग पोलिस आले आणि त्यांनी निदर्शकांपैकी ८७ जणांना उचललं. समितीचे नेते ट्रेव्हर न्ग्वाने त्यांतच होते.

दरवाढ, थकबाकी, तोडणी या दिवाणी स्वरूपाच्या तक्रारी. त्यांचं रूपांतर एका दुपारीत ‘सार्वजनिक हिंसाचार’ आणि ‘मालमत्तेची जाणूनबुजून नासधूस’ या कलमांत झालं. पुढे आरोपी सुटले, थकबाकीही मोठ्या प्रमाणात माफ झाली. तरी चळवळ जिंकली असं मला म्हणवत नाही. का, ते पुढे येईल.

थकबाकी आली कुठून

सोवेटोत बिल न भरणं हे एके काळी देशभक्तीचं काम होतं. १९८६ मध्ये वर्णभेदी राजवटीने नेमलेल्या स्थानिक परिषदांना घरभाडं आणि सेवाशुल्क द्यायचं नाही, असा बहिष्कार सुरू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हाइट सिटी भागात भाडं थकवणाऱ्यांना घराबाहेर काढण्यावरून संघर्ष पेटला आणि पोलिसांच्या गोळीबारात वीसहून अधिक माणसं मेली. १९९० मध्ये समझोता झाला, जुनी थकबाकी माफ झाली. १९९४ मध्ये मंडेला सत्तेवर आले. १९९५ मध्ये ‘मसाखाने’ ही मोहीम निघाली. आता सरकार आपलं आहे, तेव्हा बिलं भरा, असा तिचा सांगावा.

बिलं तरीही भरली जाईनात. ‘न भरण्याची सवय लागली आहे’ हे उत्तर सरकारी मंडळींच्या तोंडी बसलं. त्यात थोडं तथ्य असेलही, पण ते फार सोयीचं उत्तर होतं. ते स्वीकारलं की दर किती, मीटर बरोबर चालतो का, घरात कमावतं कोण, यांतलं काहीच तपासावं लागत नाही.

सोवेटोतलं एक साधं घर डोळ्यांसमोर आणा. काड्यापेटीसारखं लहान म्हणून त्यांना ‘मॅचबॉक्स’ घरंच म्हणतात. आत आजी, तिच्या दोन मुली, नातवंडं. मागच्या अंगणात पत्र्याच्या दोन खोल्या, त्यांत भाडेकरू. या सगळ्यांचा मीटर एकच. तो वाचायला कोणी महिनोन्‌महिने फिरकत नाही, बिल अंदाजाने येतं. गेल्या महिन्याचं थकलेलं, त्यावर व्याज, त्यावर पुन्हा अंदाज. आजीची पेन्शन महिन्याला काही शे रँड (तिथलं चलन) आणि बिलावरचा आकडा काही हजार. आपल्याकडे ‘सरासरी बिल’ आल्यावर जो कपाळावर हात जातो, तसाच प्रकार, फक्त वर्षानुवर्षांचा. जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे, जून-जुलैत थंडी हाडात शिरते. वीज गेली की कोळसा आणि रॉकेल. पत्र्याच्या खोलीत रॉकेलचा स्टोव्ह म्हणजे आगीला आमंत्रणच.

वीज देणारी कंपनी एस्कॉम ही राष्ट्रीय सरकारची. १९९८ च्या ऊर्जा धोरणापासून वारं ‘खर्च भरून निघेल असे दर’ या दिशेने वाहत होतं आणि एस्कॉमला नफ्याच्या शिस्तीत आणायचं घाटत होतं. चळवळीची मंडळी तेव्हा सभांमधून एक तुलना मांडत : सोवेटोला युनिटमागे २८ सेंट, श्रीमंत सँडटनला १६ सेंट, मोठ्या उद्योगांना ७ सेंट. घाऊक खरेदीदाराला दर कमी पडतो हा हिशेब कोणालाही समजतो. पण गरिबाने बंगलेवाल्यापेक्षा महाग वीज का घ्यायची, याचं उत्तर त्या हिशेबात नव्हतं.

२००१ मध्ये एस्कॉमने तोडणीचा सपाटा लावला. महिन्याला वीस हजार घरांपर्यंत आकडा गेला. त्याच वर्षी झालेल्या एका पाहणीत सोवेटोतल्या ६१ टक्के कुटुंबांनी वर्षभरात कधी ना कधी वीज तोडली गेल्याचं सांगितलं. ज्यांची तोडली, त्यांतल्या ४५ टक्के घरांत ती महिन्याहून अधिक काळ आली नव्हती.

आकडा, पण उघड्यावर

ट्रेव्हर न्ग्वाने यांचा जन्म १९६० चा, डरबनचा. आई-वडील दोघंही नर्सिंगच्या पेशात. समाजशास्त्र शिकले, विद्यापीठात शिकवलं, मग सोवेटोतल्या पिमव्हिलमधून आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे नगरसेवक झाले. १९९९ मध्ये ‘इगोली २००२’ ही योजना आली. महापालिकेच्या सेवांच्या कंपन्या करायच्या, काही विकायच्या, पाण्याचं व्यवस्थापन बाहेरच्यांकडे द्यायचं. न्ग्वाने यांनी जाहीर विरोध केला. पक्षाने निलंबित केलं. माफी मागितली असती तर परत घेतलं असतं, ती मागितली नाही. डिसेंबर २००० च्या निवडणुकीत अपक्ष म्हणून उभे राहिले आणि पडले. त्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाचं मोठं आश्वासन होतं ते ठरावीक वीज-पाणी मोफत देण्याचं. पडलेल्या उमेदवाराला पुढची दोन वर्षं पुरेल एवढा मुद्दा विजेत्यांनीच हातात दिला होता.

वीज संकट समिती २००० मध्येच उभी राहिली होती. तिच्या कार्यक्रमाचं नाव ‘ऑपरेशन खान्यिसा’, झुलू भाषेत खान्यिसा म्हणजे ‘उजळवा’. पद्धत अगदी सरळ. दिवसा एस्कॉमचे ठेकेदार येऊन रस्त्याकडेच्या पेटीतून जोडणी काढत, कधी केबलच ओढून नेत. घरची बाई समितीच्या बैठकीत येऊन सांगे. संध्याकाळी पक्कड-पान्हा घेऊन समितीची पोरं येत आणि वीज परत जोडून देत, पैसे न घेता. सहा महिन्यांत तीन हजारांवर घरं अशी उजळली, असा समितीचा दावा होता.

आकडा टाकणं जगात सगळीकडे चालतं, पण रात्री, गुपचूप, वायरमनचा हात ओला करून. इथे ते दिवसाढवळ्या, सभेत ठरवून आणि वर्तमानपत्रवाल्यांना सांगून चाललं होतं. २००१ मध्ये तर शेकडो लोक मोरोका पोलिस ठाण्यावर चालत गेले आणि ‘आम्हीच जोडली, करा अटक’ म्हणून उभे राहिले. एवढ्यांना ठेवायला कोठड्याच नव्हत्या. ज्या देशात सविनय कायदेभंगाचा पहिला मोठा प्रयोग याच शहरात, १९०६ मध्ये, हिंदी लोकांनी केला, तिथे हे हत्यार कोणाला नवीन नव्हतं.

ऑक्टोबर २००१ मध्ये एस्कॉमने तोडणी थांबवत असल्याचं जाहीर केलं. डिसेंबरात सार्वजनिक उपक्रम मंत्री जेफ राडेबे सोवेटोत आले आणि थकबाकीत काही सूट देऊ केली. समितीने ती अपुरी म्हणून नाकारली. तिला सगळी जुनी बाकी माफ हवी होती आणि पुढे परवडेल असा एकच ठरावीक मासिक दर. इकडे महापालिकेची पाणीतोडणी आणि थकबाकीपोटी घराबाहेर काढणं चालूच होतं.

पत्ता चुकला होता का?

महापौरांच्या बाजूने एक मुद्दा तेव्हाही मांडला गेला आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. सोवेटोला वीज देते एस्कॉम, ती केंद्राची कंपनी. महापौरांचा त्या दरांवर अधिकार नाही. मग मोर्चा त्यांच्या घरी का?

एक तर पाणी आणि घरं हे विषय महापौरांचेच होते. दुसरं असं की एस्कॉमला घर नसतं. तिचं मुख्यालय असतं, काचेचं दार असतं, निवेदन घेणारा जनसंपर्क अधिकारी असतो आणि निवेदनावर शिक्का मारून मिळतो. सोवेटोतल्या बाईच्या घरात मात्र ठेकेदार थेट शिरत होता. दारात येणाऱ्या सत्तेच्या दारात आपणही जावं, हा त्यामागचा विचार होता. समितीने याआधी काही नगरसेवकांची वीज तोडून तो आजमावलाही होता.

माझं मत विचाराल तर केन्सिंग्टनला जाणं डावपेच म्हणून महागात पडलं. मोरोका ठाण्यावर गेलेल्या माणसांकडे बघून कोणाला भीती वाटली नव्हती. घराच्या आवारात दगड पडल्यावर गोष्टच बदलली. मसोंडो काही गोरे जमीनदार नव्हते. ते कामगार संघटनेत वाढलेले, वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात रॉबेन बेटावर कैद भोगलेले. त्यांच्या कुटुंबाच्या घरावर चाल करून जाणं, ही बातमी सरकारला हवी तशी मिळाली. वीस हजार तोडण्या एका बाजूला राहिल्या आणि फुटलेल्या काचा पहिल्या पानावर आल्या.

म्हणून गोळीबार समर्थनीय ठरत नाही. आज्या आणि पोरं असलेल्या जमावावर खऱ्या गोळ्या झाडणारा माणूस सरकारी पगारावर होता, आणि आरोपपत्र मात्र ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्यांच्यावर आलं.

अकरा दिवस, मग अकरा महिने

अटकेनंतर म्हाताऱ्या आणि अल्पवयीन निदर्शकांना आधी सोडलं. उरलेल्या पन्नास जणांचा जामीन लांबत गेला. ते अकरा दिवस डीपक्लूफच्या तुरुंगात राहिले. या तुरुंगाला लोक एका आलिशान कॅसिनोच्या नावावरून ‘सन सिटी’ म्हणतात. सोवेटोचा विनोद असाच कडवट असतो.

त्यानंतर तारखा. खटल्यात ८७ आरोपी असले की प्रत्येक तारखेला ८७ माणसांनी कोर्टात हजर राहायचं. ज्यांच्याकडे विजेचे पैसे नाहीत, त्यांनी बसभाडं काढायचं, रोजंदारी बुडवायची, पोरांना शेजारणीकडे ठेवायचं. वकिलाचा खर्च, जामिनाच्या अटी, कोण हजर आहे कोण नाही याची यादी. ज्या कार्यकर्त्यांनी संध्याकाळी जोडण्या करायच्या, ते वर्गणी गोळा करत फिरू लागले. निकाल काहीही लागो, चळवळीचं वर्ष त्यात गेलं. आपल्याकडच्या मोर्चेकऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३५३, म्हणजे सरकारी कामात अडथळ्याचं कलम, लागलेला कार्यकर्ता पुढची किती वर्षं तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात काढतो, ते ज्याचं त्याला माहीत.

मध्येच ऑगस्ट २००२ मध्ये जोहान्सबर्गला शाश्वत विकासावरची जागतिक परिषद भरली. २४ ऑगस्टला मेणबत्त्या घेऊन निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी स्टन ग्रेनेड फेकले. आठवड्याने, ३१ ऑगस्टला, अलेक्झांड्रा वस्तीपासून सँडटनच्या परिषद केंद्रापर्यंत वीस हजारांवर माणसं चालली. केन्सिंग्टनचे आरोपी तोवर बाहेरच्या जगातही माहीत झाले होते.

मार्च २००३ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी सगळ्यांना सोडून दिलं. कोणी नेमकं काय केलं, हे सरकारी पक्षाला टिकेल अशा पुराव्याने दाखवता आलं नाही. जमाव घाऊक उचलला की असं होतं. अटक घाऊक करता येते, गुन्हा मात्र एकेकाचा सिद्ध करावा लागतो.

मे २००३ मध्ये राडेबे यांनी एस्कॉमची सुमारे १.४ अब्ज रँडची थकबाकी माफ करत असल्याचं जाहीर केलं. ही माफी कोणत्याही न्यायालयाने दिलेली नव्हती. मोरोका, केन्सिंग्टन आणि तीन हजार संध्याकाळच्या जोडण्या यांच्या दबावाने ती आली, असं म्हणायला जागा आहे.

मीटर आला, ठेकेदार गेला

माफीच्या सुमारास दुसरी गोष्ट सुरू झाली, आणि मला तीच या प्रकरणाचा गाभा वाटते. प्रीपेड मीटर आले.

विजेच्या जोडीला पाणीही. जोहान्सबर्गच्या पाण्याचं व्यवस्थापन तेव्हा सुएझ या फ्रेंच कंपनीच्या सहभागातून चाललं होतं. २००३-०४ मध्ये सोवेटोतल्या फिरी भागात ‘ऑपरेशन ग्सिनामान्झी’, म्हणजे ‘पाणी वाचवा’ मोहीम, सुरू झालं. प्रत्येक घराला महिन्याला ६,००० लिटर पाणी मोफत, त्यापुढे आधी पैसे भरा. संपलं की नळ बंद. ६,००० लिटर म्हणजे आठ माणसांच्या घरात डोईमागे दिवसाला २५ लिटर. पण अंगणात भाडेकरू असलेल्या घरात आठाची सोळा-वीस माणसं होतात. मार्च २००५ मध्ये फिरीत एका अंगणातल्या खोलीला आग लागली. शेजाऱ्यांनी धाव घेतली, तोवर मीटरमधलं पाणी संपलं. दोन लहान मुलं गेली.

फिरीतल्या पाच रहिवाशांनी २००६ मध्ये न्यायालयात धाव घेतली. माझिबुको खटला म्हणून तो ओळखला जातो. एप्रिल २००८ मध्ये उच्च न्यायालयाने प्रीपेड मीटर बेकायदा ठरवले आणि माणशी दिवसाला ५० लिटर मोफत द्यायला सांगितलं. मार्च २००९ मध्ये अपील न्यायालयाने ते ४२ वर आणलं. ८ ऑक्टोबर २००९ ला घटना न्यायालयाने दोन्ही निकाल उलटवले. किती लिटर द्यायचं हे न्यायालयाने ठरवू नये, शहराचं धोरण वाजवी आहे, असा निष्कर्ष न्यायमूर्ती केट ओरेगन यांनी लिहिला. खटल्याच्या रेट्याने शहराने धोरणात सुधारणा केल्या, याची नोंदही त्यांनी घेतली. आणि पुढे एक वाक्य असं आलं की त्याने सगळं फिरलं : प्रीपेड मीटर बंद पडणं म्हणजे पुरवठा ‘तोडणं’ नव्हे, पुढचे पैसे भरेपर्यंत किंवा पुढच्या महिन्याचा मोफत वाटा येईपर्यंत तो फक्त थांबलेला असतो.

दुसऱ्याच दिवशी, ९ ऑक्टोबरला, त्याच न्यायालयाने जोसेफ खटल्याचा निकाल दिला. तिथे भाडेकरूंनी घरमालकाला विजेचे पैसे दिले होते, मालकाने पुढे भरले नव्हते, आणि शहराने पूर्वसूचना न देता इमारतीची वीज तोडली होती. न्यायालय म्हणालं, भाडेकरूंना चौदा दिवसांची नोटीस मिळायलाच हवी. दोन दिवसांत दोन निकाल. माणूस येऊन वीज तोडणार असेल तर चौदा दिवसांची नोटीस, यंत्राने नळ बंद केला तर काहीच नाही, कारण तो ‘थांबलेला’ आहे.

केन्सिंग्टनचा मोर्चा शक्य झाला तो तोडणी करणारा माणूस होता म्हणून. त्याला अडवता येत होतं, त्याच्या साहेबाचं नाव विचारता येत होतं, त्या साहेबाच्या दारात बस नेता येत होती. प्रीपेड मीटरसमोर बाई एकटी असते. शिल्लक संपली तर चूक तिची, तिने रिचार्ज केलं नाही. अंगरक्षकाची गोळी आणि अकरा दिवसांचा तुरुंग यांनी जे साधलं नव्हतं, ते भिंतीवरच्या त्या डब्याने पुष्कळसं साधलं.

महाराष्ट्रात २०२४ मध्ये स्मार्ट प्रीपेड मीटरवरून ग्राहक संघटना आणि वीज कामगार संघटना रस्त्यावर आल्या, तेव्हा राज्य सरकारला सामान्य ग्राहकांकडे हे मीटर बसवणार नाही असं जाहीर करावं लागलं. पुढे पोस्टपेड पद्धतीचे नवे मीटर आले आणि वाद वेगळ्या रूपात चालू राहिला. त्या वादात बिल वाढेल का, मीटर पळतो का, हेच प्रश्न जास्त गाजले. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ ने तोडणीआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिली आहे. शिल्लक संपून वीज गेली तर त्या नोटिशीचं काय, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो.

नंतर

फौजदारी खटल्याचा प्रयोग दक्षिण आफ्रिकेत तिथेच संपला नाही. सप्टेंबर २००९ मध्ये डरबनच्या केनेडी रोड झोपडवस्तीत ‘अबाहलाली बासेमजोन्डोलो’ या झोपडीवासीयांच्या चळवळीवर रात्री सशस्त्र जमाव चालून आला. दोन माणसं मेली, नेते सिबु झिकोडे यांचं घर उद्ध्वस्त झालं आणि पोलिसांनी पकडले ते चळवळीशी संबंधित लोक. त्यांतल्या बारा जणांवर खटला चालला आणि जुलै २०११ मध्ये ते सगळे निर्दोष सुटले, म्हणजे केन्सिंग्टनसारखेच, पण जवळजवळ दोन वर्षांनी.

वीज संकट समितीच्या पुढाकाराने २००६ ची पालिका निवडणूक ‘ऑपरेशन खान्यिसा मूव्हमेंट’ या नावाने लढवली गेली आणि जोहान्सबर्गच्या सभागृहात एक जागा मिळाली. काही वर्षांनी एस्कॉमने वीजचोरीविरुद्ध देशभर मोहीम काढली. तिचं नाव ठेवलं ‘ऑपरेशन खान्यिसा’. मसोंडो २०१९ मध्ये संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष झाले. न्ग्वाने डॉक्टरेट करून जोहान्सबर्ग विद्यापीठात शिकवू लागले, विषय झोपडवस्त्यांमधल्या लोकसमित्यांचा. सोवेटोची एस्कॉमकडची बाकी माफीनंतर पुन्हा अब्जावधी रँडवर गेली, आणि प्रीपेड मीटर बसवायला येणाऱ्या पथकांना काही गल्ल्यांतून अजूनही परत पाठवलं जातं.